आजोबांचा खुबा आणि माझी भाषणं

आमच्या घरात कोणी चौकशी करत नाही. आम्ही थेट मागणी करतो. बाबा जन्मभर चळवळीची पत्रकं काढत आले, मी त्या पत्रकांवरच वाचायला शिकले, आणि ‘विचारणं म्हणजे लाचारी’ हे मला बाराखडीच्या आधी पाठ झालं.

म्हणून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी आरोग्य विमा मिळतो हे कळताच मी आजोबांचं कार्ड काढलं आणि पाठोपाठ पत्रकही: ‘कार्ड दाखवा, उपचार मिळवा! कुठेही! कसलेही!’ (‘कुठेही’ आणि ‘कसलेही’ हे माझे शब्द. सरकार असं काही बोललंच नव्हतं. पण पत्रकात जोर नको?)

मग आजोबा पडले. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलताना. खुब्याचं हाड मोडलं. आयुष्यभर होडीवर उभा राहिलेला माणूस ॲम्ब्युलन्समध्ये आडवा पडून एकच विचारत होता, “पोरी, मी परत दर्यावर चालत जाईन ना गो?”

“जाणारच! हक्क आहे तुमचा!”

विरारच्या एका चकचकीत हॉस्पिटलात मी काउंटरवर कार्ड आपटलं आणि सुरू झाले. आरोग्य ही भीक नाही, म्हातारपण हा गुन्हा नाही! लोक जमले. टाळ्या पडल्या. एका आजींनी खोकत विचारलं, “बाय, त्या कार्डावर खोकल्याचं औषध मिलते काय?”

“मिळायलाच हवं!” मी गरजले.

“मॅडम,” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “ते कार्ड भरती व्हायला लागलं तर चालतं. साध्या तपासणीला, गोळ्यांना नाही. आणि आमचं हॉस्पिटल त्या योजनेत नाहीच.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही विचारलंच कुठे?”

आजींनी पदर तोंडाला लावला. मग खोकतच निघून गेल्या.

ॲम्ब्युलन्स वसईकडे वळली. वाटेत वालीवचे ट्रक, वालीवचे खड्डे! प्रत्येक खड्ड्याला आजोबा एकवीरेला हाक मारत होते आणि बाबा माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या हॉस्पिटलच्या दारावर योजनेची पाटीच होती. पाटी बघून मला असा चेव आला की मी पायऱ्यांवरच सुरू झाले. भाषण संपल्यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, “योजनेत आहोत, पण फक्त डोळ्यांसाठी. हाडांचं इथे होत नाही.”

बाबा हळूच म्हणाले, “अगं, नुसतं विचारून बघितलं असतं तर?”

हे बाबा म्हणाले! ज्यांनी मला वाढवलं, ते!

तिसऱ्या दारात मी तोंड उघडलं, तेवढ्यात स्ट्रेचरवरून हात आला आणि माझी ओढणी खेचली गेली. “तू गप गो बाय.” मग आजोबांनी मान वळवली आणि टेबलामागच्या माणसाला विचारलं, “भाऊ, हे कार्ड इथं चालते काय? हाडासाठी? आणि मला काय करावं लागंल?”

“चालतं, आजोबा. आधार आणलंय ना? बसा... म्हणजे, पडूनच राहा.”

बस! एवढंच होतं!

ऑपरेशन झालं. पण तोवर दिवस मावळला होता, आणि आजोबांच्या त्या दिवसभराच्या कळा माझ्या टाळ्यांच्या हिशोबात कुठेच बसत नाहीत. आता ते वॉकर घेऊन निघतात आणि बोंबलांच्या बांबूंपर्यंतच पोचतात. पुढे वाळू मऊ आहे, वॉकर रुततो. तिथूनच ते दर्या बघतात. चालत जाईन का, असं मात्र आता मला विचारत नाहीत.

गावातली म्हातारी माणसं मात्र आता तिथेच येतात. कुठलं हॉस्पिटल, कशासाठी, भरती व्हावं लागतं का, सगळं आजोबांना विचारतात. परवा एका काकांनी चुकून मला विचारलं. मी घसा खाकरला.

“तिला नको रे,” आजोबा ओरडले, “लोकांना भरती व्हायला लागंल!”

सध्या चळवळीत माझ्याकडे दोनच कामं आहेत: वॉकर धरणं आणि तोंड बंद ठेवणं. वॉकर मला छान धरता येतो!