चिखलातले हातमोजे
व्हिनेगर टाकलेल्या गरम चिप्सचा वास आला की परदेशातल्या या नावन गावाजवळचं ते फुटबॉलचं छोटं मैदान आठवतं. आठवीत शाळा सोडलेला मी, इथल्या हॉटेलच्या किचनमध्ये लागून महिना झालेला. सुट्टीला एकटाच मॅच बघायला गेलो होतो. गोल झाला, सगळे उसळले आणि माझा पाय शेजारच्या धिप्पाड म्हाताऱ्याला लागला. घाबरून सॉरी म्हणायचं सोडून सवयीने वाकून त्याच्या बुटाला हात लावला. आता हा ओरडणार, लोक जमणार, व्हिसा जाणार, असं वाटून तसाच वाकून राहिलो. तर तोही वाकला. “काय हरवलं रे?” असं इंग्रजीत विचारत चिखलात शोधू लागला. मग माझे गारठलेले हात बघून म्हणाला, “ग्लोव्हज होय,” आणि स्वतःचे काढून दिले. आजही तेच घालतो. काही हरवलंच नव्हतं, हे सांगायचं मात्र राहिलं.