तळमजल्यावरचे पेशंट

आमच्या खराडीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त काका राहतात. दर महिन्याला ते सरकारी दवाखान्यात शुगर तपासायला जातात, तेही फुकटच्या ॲम्ब्युलन्सने. फोनवर आवाज खोल नेऊन म्हणतात, "छातीत दुखतंय हो... लवकर या." मग कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे राहतात. गाडी वळणावर दिसली की मगच त्यांचा हात छातीवर जातो. "आपल्याच टॅक्समधून चालते ना? मग रिक्षावाल्यांचे नखरे कोण सोसणार?" असं वर मलाच ऐकवतात. मला ते खटकतं, पण मी हसतो.

गेल्या महिन्यात ते असेच निघाले, तेव्हा त्यांची पिशवी मीच गाडीत ठेवली. थोड्याच वेळात आमचे वॉचमन खुर्चीतून कोसळले. मी ॲम्ब्युलन्सच्या त्याच नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, जवळची गाडी आत्ताच तुमच्या सोसायटीतून पेशंट घेऊन निघालीय. दुसरी हडपसरहून पाठवतेय." रिक्षावाले थांबून बघत होते आणि निघून जात होते. दुसरी गाडी आली तेव्हा वॉचमनचा हात माझ्या हातात गार पडला होता.

दुपारी काका परतले आणि गेटवरची रिकामी खुर्ची बघून त्यांनी वॉचमनची चौकशी केली. मी सगळं सांगितलं, फक्त त्या मुलीचं बोलणं सांगितलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, फोन जरा आधी करायचा होतात," ते म्हणाले.

"हो, चुकलंच," मी म्हणालो.