वजन भागिले जागा

"नाय सर, या वर्साला माझी पोरं नाचायला नाय जायची. तारपा घरी हाय, तो घरीच वाजंल. तठं तालुक्याला पोरं मापायला जातील."

शुक्रीबाई हे बोलली ती मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहून. चपला दाराबाहेर, पाय धुळीने भरलेले. डी.एड.ला असताना तिला कुणीतरी शुद्ध बोलायची तंबी दिली होती. तिने शुद्ध लिहून पहिला वर्ग काढला आणि तोंडाने आपली बोली तशीच चालू ठेवली.

मुख्याध्यापक यतीन सर मसोलीचे. तलासरीच्या आतल्या या पाड्यावर रोज मोटरसायकलने येतात. माणूस वाईट नाही. पण तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं की या शाळेला एकच निरोप येतो : स्वागताला नाचणारी पोरं पाठवा. पोरं कमरेत हात घालून गोल फिरतात, वडापाव खातात, परत येतात. प्रयोगाच्या टेबलावर शाळेचं नाव एकदाच लागलं होतं, मागच्या वर्षी. सरांनी त्याचीच आठवण काढली.

त्या वेळी परीक्षकांनी वाळू, लाकडाचा भुसा आणि मीठ समोर ठेवून तिन्हींची घनता काढायला सांगितली. पोरांनी लिटरचा डबा भरला, वरून हात फिरवून सपाट केला आणि म्हणाली, किलो. वाळू किलो, मीठ किलो, भुसासुद्धा किलो. काट्याकडे कुणी बघितलंच नाही. तिन्हींची घनता एक. मंडपात हशा पिकला आणि पोरं टेबल सोडून नाचाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

सरांनी अट घातली. शुक्रवारी वस्तू ते देणार, तीही त्यांच्या मर्जीची. पोरांनी त्यांच्यासमोर घनता काढायची. बाईंनी तोंड उघडायचं नाही. जमलं तर प्रदर्शनाला नाव, नाही तर तारपा.

"बेस," म्हणाली शुक्रीबाई आणि वर्गावर गेली.

ती याच भागातली. आईबाप पावसाळ्याला घरी, बाकी वर्षभर कामामागे. बारावीनंतर वर्षभर तिने तारापूरकडच्या एका कंपनीत खोकी भरली. एकाच मापाची दोन खोकी, एक उचलताना कंबर मोडते नि दुसरं पोर उचलेल, हे तिला तिथे पाठीने शिकवलं. मग पैसे साठवून डी.एड. केलं. त्यामुळे मागच्या वर्षी सगळे हसत होते तेव्हा ती हसली नाही. पोरांची चूक कुठून आली हे तिला ठाऊक होतं.

पाड्यावर घरोघरी पत्र्याचा एक डबा असतो. कधीकाळी तो किलोभर तुपाचा होता, म्हणून त्याचं नावच किलो. तांदूळ त्याने मोजायचा, नागली त्याने, सुकट त्याने, वाळलेली मोहाची फुलंही त्यानेच. डबा भरला की किलो झाला. काटा दुकानदाराकडे असतो नि त्याच्यावर कुणाचा भरवसा नसतो. अशा घरातल्या पोराला वजन वेगळं आणि आकारमान वेगळं असं फळ्यावर लिहून दिलं, तर ते पाठ करतं आणि घरी जाऊन परत डबाच भरतं.

म्हणून बाईने दुसऱ्या दिवशी पोरांना घरचे किलो आणायला सांगितले. काटा अंगणवाडीच्या अहिल्याताईकडून आणला, बाळं मोजायचा. अहिल्याताई काट्यामागे स्वतःही आली, कारण काटा बिघडला तर साहेब तिला धरणार. एका डब्यात तांदूळ भरला, एकात मीठ, एकात भाताचं तूस, आणि निलमने घरून आणलेल्या डब्यात मोह. मोहाचा डबा काट्यावर ठेवला आणि आकडा बघून अहिल्याताई म्हणाली, "बाई, हे बाळ लाल रेघेच्या खाली हाय. याला पोषण आहार लावा."

पोरं हसली, मग काट्याभोवती गोळा झाली. डबे सारखे, आकडे वेगळे. मिथुनने तुसाचा डबा दोनदा उतरवून परत ठेवला, काटा चुकला असेल म्हणून. काटा चुकला नव्हता.

संध्याकाळी निलमने घरी जाऊन आजीला सांगितलं की आपला किलो किलो नाही. सकाळी हिरूआजी शाळेत हजर. जन्मभर तिने त्या डब्याने मोह मोजून दिला होता, कुणाला कमी दिला नव्हता. वर्गाच्या दारातच तिने सांगितलं की उद्यापासून निलम येणार नाही. जी बाई घरच्या मापाला खोटं पाडते तिच्याकडे शिकून पोरगी काय दिवे लावणार.

शुक्रीबाई खडू ठेवून दारात आली. दशांशाचा भागाकार न अडखळता करणारी वर्गात ती एकच पोरगी होती.

"माना सांग शुक्रे, माझा डबा खोटा कं?"

"नाय आजे. तुझा डबा खरा हाय. तो जागा मोजतो, नि बेस मोजतो. तू त्याला वजन मोजायला सांगतेस, ते त्याला येत नाय."

"मंग मी जलमभर काय मोजलां?"

"जागा. मीठ डब्याएवढी जागा खातंय, मोह पण तेवढीच खातंय. त्या जागेत माल किती कोंबलाय ते काटा सांगंल. तलासरीची जीप बघ. दोन माणसं बसली तरी जीप तेवढीच, वीस कोंबली तरी तेवढीच. पर चढावाला कंची रडते?"

"वीसवाली," म्हातारी म्हणाली.

"तीच घनता."

हिरूआजीने स्वतःच्या हाताने मोहाचा आणि मिठाचा डबा काट्यावर ठेवून बघितला. आकडे तिला वाचता येत नव्हते. निलमकडून वाचून घेतले. मग ती उठली आणि आपला डबा काखोटीला मारला. तो काही ती बदलणार नव्हती, तसं बजावूनच गेली. निलमला मात्र तिथेच ठेवून गेली.

त्या दिवसापासून फळ्यावर आकारमान हा शब्द राहिला आणि तोंडात जागा. वजन भागिले जागा. तेलाच्या मोठ्या डब्याला कडेजवळ भोक पाडून नळी बसवली. डबा नळीपर्यंत भरायचा, त्यात दगड सोडायचा. नळीतून सांडेल ते पाणी म्हणजे दगडाची जागा. ते मापाच्या नळकांड्यात धरायचं. पोरांनी ओढ्यातले दगड मोजले, खिळे मोजले, फुटक्या पाट्याचा तुकडा मोजला. बाई एकच गोष्ट परत परत करून घ्यायची : नळीचे थेंब थांबेपर्यंत हात लावायचा नाही. ज्याने घाई केली त्याने डबा परत भरायचा, आणि पाणी हापशावरून त्यानेच आणायचं.

शुक्रवारी यतीन सर आले. खिचडीच्या चुलीजवळच्या सरपणातून त्यांनी एक ढलपा उचलला आणि टेबलावर ठेवला. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड, कापसासारखं हलकं. शुक्रीबाईने ओळखलं आणि ओठ मिटले. पोरांनी आजवर बुडणाऱ्या वस्तूच मोजल्या होत्या. तरंगणारी तिनेच कधी दिली नव्हती.

ढलपा भरला एकशे ऐंशी ग्रॅम. मिथुनने तो डब्यात सोडला. पाणी सांडलं, थेंब थांबले, मोजलं तर एकशे ऐंशी मिलीलिटर. भागाकार करायची गरजच नव्हती.

"एक," मिथुन म्हणाला.

"पुन्हा एकच," यतीन सर म्हणाले. त्यांनी कुत्सितपणे म्हटलं नाही, थकून म्हटलं, आणि खुर्ची मागे सरकवली.

शुक्रीबाईने पदराचं टोक मुठीत धरलं. बोलली असती तर तिथेच संपलं असतं. मिथुन मान खाली घालून उभा होता. निलम मात्र डब्यात बघत होती. पांगारा पाण्यावर आरामात पडून होता, निम्म्याहून जास्त अंग बाहेर.

"याची सगळी जागा कठं गेली पाण्यात?" ती म्हणाली. "हा तर खाटेवर बसल्यावाणी बसलाय. बसलेल्याची जागा मोजली आपण, झोपवून नाय मोजली."

"मंग झोपव की," मिथुन म्हणाला.

ढलपा बाहेर काढला, पुसला. मिथुनने डबा नळीपर्यंत परत भरला. निलमने खराट्याच्या दोन काड्या घेतल्या नि त्यांच्या टोकाने ढलपा दाबून पुरता पाण्याखाली नेला. बोट भिजू दिलं नाही, बोटाचीही जागा होते म्हणून. नळी कितीतरी वेळ गळत राहिली. नळकांडं दोनदा रिकामं करावं लागलं. पाचशे मिलीलिटर.

निलमने जमिनीवर खडूने भागाकार मांडला. शून्य दशांश छत्तीस.

सरांनी मोबाइल काढून तिथल्या तिथे भाग देऊन बघितला. मग खुर्ची परत पुढे घेतली आणि विचारलं की पहिल्या वेळी एकच का आला. ते दोघांनाही सांगता येईना. सर शुक्रीबाईकडे वळले, आता बोला म्हणून.

"ते माना सांगायचं नाय सर," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत पोरंच शोधून तुमाला सांगतील. तठं टेबलावर कुणी विचारलं, तर मी बाजूला नसणार."

सरांनी दोघांची पूर्ण नावं लिहून घेतली. नाचाचं काय कळवायचं, असंही विचारलं. बाईने सांगितलं की पाहुण्यांना नाच बघायचा असेल तर पाड्यावर यावं, होळीला.

घंटा झाली. सातवीची पोरं व्हरांड्यात ढकलाढकली करत होती, त्यांचे अपूर्णांक राहिले होते. शुक्रीबाईने मिथुनला सांडलेलं पाणी पुसायला लावलं, ओला ढलपा चुलीजवळ उन्हात टाकायला सांगितला, आणि खडू उचलून सातवीवर गेली.