लांबचं की जवळचं

फर्गली अब्दुत्तव्वाब. वय एकाहत्तर. राहणार इंबाबा, कैरो. पाचवा मजला व त्यावरील गच्ची. व्यवसाय : इस्त्री (निवृत्त), कबुतरे (चालू). उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून भिंग बसविले. शस्त्रक्रिया यशस्वी. रुग्णास दूरचे स्पष्ट दिसते.

भिंगाचा निर्णय दोन मिनिटांत झाला होता. "चाचा, हे भिंग एकाच अंतराचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लांबचं हवं की जवळचं? दुसऱ्यासाठी चष्मा लागेल. आणि विशीतली नजर परत मिळेल अशी आशा धरू नका."

"लांबचं. विशीतल्या नजरेनं मी हिला पसंत केलं होतं."

"तेव्हा नजर उत्तम होती," शेजारी बसलेली बायको नगात म्हणाली.

लांबचं हवं होतं ते फुल्लासाठी. तांबूस मानेची पांढरी मादी, फर्गलींची सर्वांत लाडकी. आठ महिन्यांपूर्वी ती समोरच्या गच्चीवरच्या शिहाता प्लंबरच्या थव्यात मिसळली आणि तिकडेच उतरली. पाखरू ज्याच्या गच्चीवर उतरेल त्याचं. परत मागणं म्हणजे नाक कापून घेणं. एकच मार्ग : ती शिहाताच्या थव्यात उडताना ओळखायची, नेमक्या क्षणी आपला थवा सोडायचा आणि शीळ घालून सगळ्यांसकट खाली ओढायची. पण मोतीबिंदूतून फर्गलींना दोन्ही थवे म्हणजे एकच धूर दिसे.

चार आठवड्यांनी गच्चीची परवानगी मिळाली. फर्गली काळा चष्मा लावून वर गेले. आभाळ निळं होतं. त्यांच्या आठवणीत ते दुधाळ चहासारखं होतं. पलीकडच्या दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता येत होते; त्यांनी ते मोजले, दोनदा.

शिहाताचा थवा उठला. त्यात एक पांढरं पाखरू, मान तांबूस. फर्गलींनी थवा सोडला, झेंडा फिरवला, शीळ घातली. थवे मिसळले, सुटले. खाली उतरले तेव्हा एक पाखरू जास्त होतं.

"चाचा, कुणाला धरलंत?" शिहाता समोरून ओरडला.

"माझ्या फुल्लाला."

"तिच्या डाव्या पायाचं एक नख तुटलेलं आहे. बघा बरं."

फर्गलींनी पाखरू डोळ्यांजवळ धरलं. धुकं. लांब धरलं, हात पुरेना. जवळचा चष्मा अजून व्हायचा होता.

"नगात, नख बघ."

"सगळी शाबूत आहेत," ती म्हणाली. "आणि हा घुमतोय. नर आहे."

शिहाता हसायला लागला. "तो माझा बर्कूक. तीन वर्षांत त्याला कुणी उतरवला नव्हता."

"आता उतरवला," फर्गली म्हणाले. पाखरू कोणतं हा प्रश्न त्यांना गौण वाटू लागला होता. ते इतके खूश होते की बर्कूकला त्यांनी स्वतःच्या हातानं दाणे भरवले. निम्मे त्याच्या डोक्यावर पडले.

"आठ महिने एकटाच खेळत होतो, चाचा. जीव कंटाळला होता."

"मग गुरुवारी फुल्लाला उडव. हिंमत असेल तर."

"उडवतो की. ओळखा म्हणजे झालं."

गुरुवारी फुल्ला परत आली. तिला ओळखलं नगातनं.