तीन महिन्यांचा हप्ता

इंगळेभाऊ विम्याचा कोणताही कागद शेवटच्या पानापासून वाचायला घेत. "पयल्या पानावर कंपनी गोड बोलते मॅडम. तुमच्या कामाचं सारं मांगं असते," असे म्हणत कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत. मूर्तिजापूरचे हे एजंट मला आमच्या शाळेच्या कारकुनाने सुचवले. आई गेल्यावर अकोल्याच्या घरात मी एकटीच उरले होते आणि पन्नाशीच्या तोंडावर आपलीही काही सोय असावी असे वाटू लागले होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला मोठी पॉलिसी द्यायचे नाकारले. "तुमच्या पगारावर जगनारं मांगं कोनी हाय का?" मी नाही म्हटले. "मंग कायले? या वयात हप्ता जबर बसते. पैसे बँकेत ठेवा." आपला धंदा सोडून असे बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. पण ते 'कोनी हाय का' मला फार लागले. खरे होते म्हणून लागले. हट्टाने मी एक लहानशी पॉलिसी घेतलीच आणि वारस म्हणून भातकुलीच्या भाचीचे नाव घातले.

मग भाऊंनी हप्ता समजावला. वर्षाचा एकदम भरला तर स्वस्त पडतो. दर तीन महिन्यांनी भरला तर चारही मिळून जास्त जातात. मी विचारले, "चेक न्यायला तुम्ही येता?"

"येतो ना. पावतीबी आणून देतो."

"मग तीन महिन्यांचाच करा."

पुढची सात वर्षे ते दरवेळी म्हणत, "काहून पैसे वाया घालून राहिले मॅडम? वर्षाचा करून टाकू." आणि जन्मभर पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलेली मी भोळा चेहरा करून म्हणे, "मला नाही हो त्यातले कळत." त्या दिवशी कपाटातली दुसरी कपबशी बाहेर निघे. चिवडा ताजा असे. भाऊ अर्धा तास बसत, बायकोच्या गुडघ्यांचे, उशिरा सुटणाऱ्या गाडीचे सांगत. ते गेल्यावर ती कपबशी मी लगेच विसळत नसे.

गेल्या दिवाळीनंतर आले तेव्हा त्यांना दम लागत होता. निघताना दारात चपला घालत म्हणाले, "गणिताच्या बाईले एवढं गणित येत नाही, हे मले पयल्या दिवशीच पटलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तुमी वर्षाचा केला असता."

मला इतके ओशाळल्यासारखे झाले की नीट निरोपही देता आला नाही. फेब्रुवारीत येतो, म्हणाले.

फेब्रुवारीत विमा शाखेतून एका मुलीचा फोन आला. इंगळेभाऊ जानेवारीतच गेले होते. मला कुणी कळवले नाही. कळवायला मी त्यांची कोण होते? मुलगी समजूतदार वाटली. म्हणाली, "आता मोबाइलवरूनच भरता येईल मॅडम, कोणी यायची गरज नाही. पण तिमाही हप्ता तुम्हाला महाग पडतोय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हटले. "वर्षाचा करून टाक."