राजाची अडीच घरं
दिग्रसात बुद्धिबळात मले हरवील असा एकही माणूस आता राह्यला नाही. होता एक, तो वारला. काल बसस्टँडवर ग्रीसचा वास आला अन् तो मिस्त्री आठवला. त्याच्या गॅरेजात टायरावर पट ठेवून आम्ही रोज खेळत होतो. तो गेल्यावर समोर बसाले कोणी नाही, म्हणून मी पुसदले स्पर्धेत गेलतो. बक्षिसासाठी नाही, एखादा जोडीदार भेटला तरी बस होतं. समोर एक रिटायर मास्तर आला. मी मिस्त्रीनं शिकवल्यावानी मधातली प्यादी हालवलीच नाही, घोड्यासमोरचं प्यादं सारलं अन् कोपऱ्याजोळून उंट तिरपा रोखला. मास्तर म्हणे, "कोणाजोळ शिकले भाऊ?" माही छाती फुगली. मग त्यानं माह्या राजाले कोंडत आणलं, तं मी राजाले घोड्यावानी अडीच घरं उडवलं. आमच्या गॅरेजात राजाले डावात एकदा तेवढी उडी माफ होती. मास्तरनं पंचाले बोलावलं. पंच म्हणे, "काका, इथं राजा उडत नसते." राजा मांगं ठेवला अन् थोड्या वेळात मेला. मी मास्तरले म्हटलं, "या न कधी दिग्रसले, चहा घेऊ, एक डाव खेळू." तो "पाहू" म्हणाला अन् चपला घालून निघाला. आता घरीच पट मांडतो, दोन्हीकडून मीच खेळतो, अन् समोरच्या राजाले ती उडी मारू देतो. सून चहा ठेवता ठेवता म्हणते, "बाबा, दोन्हीकडून तुम्हीच खेळता, तरी रोज हारूनच कसे उठता?"