पान खाल्ल्यावर वकील

चार माणसांसमोर घराचा विसार दिला, पानसुपारी झाली, आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

घर भोसरी गावातलं, दोन खणांचं. मी पिंपरीच्या कारखान्यात नुकताच कायम झालेलो. विकणारा पन्नाशीचा शेतकरी, मला भाऊ म्हणायचा, दूध पाजल्याशिवाय दारातून सोडायचा नाही. बायकोनं मात्र एकच धोशा लावला, खरेदीखताआधी कागद वकिलाला दाखवा. अहो, गावात पान खाल्ल्यावर वकील करायचा म्हणजे त्या माणसाला तोंडावर लबाड म्हणायचं! मी तिच्यावर खेकसलो. पण कामावर हात यंत्रावर आणि डोकं कागदात. शिवाजीनगरला कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. माझीच मला चीड यायची.

तिसऱ्यांदा आत शिरलोच. वकिलानं कागद चाळले आणि विचारलं, विकणाऱ्याचे वडील कधी वारले, त्याला बहीण आहे का? वडील गेल्या वर्षी वारलेले, बहीण मोशीला दिलेली. नव्या कायद्यानं तिचाही वाटा निघतो, तिची सही घ्या, म्हणाला.

हे सांगितल्यावर घरमालकाचं तोंड उतरलं. वकील केल्याचा राग होताच, पण बहिणीला विचारायचं कशाला, हेच त्याला कळेना. लग्न करून दिलं, दिवाळीला साडीचोळी करतो, आणखी काय? तरी गाडी जुंपून तिला घेऊन आला. ओसरीवर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला वाटा नकोच होता.

“घे दादा आंगठा,” ती म्हणाली. “पर बापाचं घर इकतोस, त्ये मला या परक्या माणसामुळं कळावं व्हय?”

मालकानं शाई तिच्यापुढं सरकवली. नंतर तो माझ्याशी कधी धड बोलला नाही.

पाहिलंत, वकील केला म्हणून निभावलं, असं बायको ज्याला त्याला सांगत सुटली. मी मात्र घरात येरझाऱ्या घालत होतो. हे घर मी साताऱ्याकडचं आमचं रान विकून घेतलं होतं. वडील गेल्यावर, परस्पर. मलाही एक धाकटी बहीण आहे.

वास्तुशांतीला ती आली. दोन्ही खण हिंडून पाहिले, भिंतींवरून हात फिरवला, आणि एवढे पैसे कुठून रे जमवलेस दादा, म्हणून तिनं मला मोठ्या कौतुकानं विचारलं.